आमची बोलकी सुंदरी

दोस्तांनो, तुमच्या घरात सगळ्यांत जास्त कोण बोलतं? कुणी म्हणेल आई, कुणी म्हणेल धाकटा भाऊ, आणि काही जण प्रामाणिकपणे स्वतःकडेच बोट दाखवतील. आमच्या घरात मात्र या प्रश्नाला एकच उत्तर होतं. सुंदरी! चार पाय, एक शेपूट, अंगावर पांढऱ्यावर काळे-पिवळे ठिपके आणि आवाज असा, की तिसऱ्या मजल्यावर ती बोलली की खाली वॉचमनकाका वर बघायचे.

सुंदरी म्हणजे आमची मांजर. २००२ च्या ऑगस्टमध्ये आमच्या पुण्यातल्या इमारतीच्या जिन्याखाली ती आईला सापडली. डोळे नुकतेच उघडलेले, अंग भिजून चिंब, पण तोंड सुरू! माझा जन्म त्यानंतर पाच महिन्यांनी झाला. म्हणजे या घरात मी आले ती दुसऱ्या नंबरने, हे सुंदरीने मला कधी विसरू दिलं नाही. बाळ होणार त्या घरात मांजर नको, असं बऱ्याच जणांनी आईला सांगितलं होतं. पण बाळंतपणासाठी आलेली माझी आजी म्हणाली, "राहू दे की. एवढासा जीव, कुठं जाईल?" झालं! आजीपुढे कोण बोलणार?

नाव ठेवलं तेही आजीनेच. आजी सोलापूरची. तिकडे सनईसारखंच, पण सनईपेक्षा लहान असं एक वाद्य वाजवतात. त्याचं नाव सुंद्री. आकार लहान, पण आवाज काय विचारता! पिल्लाचं रडणं ऐकून आजी म्हणाली, "ही तर सुंद्रीच वाजायलीय." त्या सुंद्रीची पुढे सुंदरी झाली. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं, दिसायला छान म्हणून सुंदरी. आम्हाला खरं कारण ठाऊक होतं.

सुंदरीचं बोलणं म्हणजे नुसतं म्याँव म्याँव नव्हतं बरं का! तिची भाषा होती. शाळेतून आल्यावर दारात एक छोटासा "म्र्रुं?" म्हणजे 'आलीस का?' दुधाच्या पातेल्याजवळ लांबलचक "म्याऽऽव". खिडकीत कबुतर बसलं की दात एकमेकांवर आपटून "कच् कच् कच्". आणि पाटीवर मासे घेऊन बाई जिना चढू लागल्या, की सगळे सूर एकदम! मिल्ड्रेड मोल्क नावाच्या एका अमेरिकन बाईंनी १९४४ साली घरातल्या मांजरांच्या आवाजांचा बारकाईने अभ्यास केला होता. तोंड मिटून काढलेले आवाज, तोंड उघडून हळूहळू मिटत काढलेले आवाज आणि तोंड ताणून उघडं ठेवून काढलेले आवाज, अशा तीन गटांत त्यांनी सोळा प्रकार मांडले. सोळा! आमच्या सुंदरीला त्यांनी ऐकलं असतं तर आकडा नक्की वाढला असता.

आणखी एक गंमत सांगते. मोठी झालेली मांजरं एकमेकांशी फारसं म्याँव करत नाहीत. भांडताना गुरकावतील, फिस्कारतील, रात्री गच्चीवर गळा काढतील. पण ते साधं, आर्जवी म्याँव असतं ना, ते पिल्लू आपल्या आईला हाक मारताना करतं. मोठेपणी ते मांजर आपल्या माणसासाठी राखून ठेवतं. कारण शेपूट कशी हलली, कान कुठे वळले, हे दुसऱ्या मांजराला लगेच कळतं. आपल्याला मेल्यांना कुठे कळतंय? म्हणून मग बोलून सांगावं लागतं! इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या कॅरेन मॅककोंब आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००९ मध्ये असं दिसलं, की खायला हवं असताना काही मांजरं घुरघुरण्यातच एक बारीक रडका सूर मिसळतात. तो सूर लहान बाळाच्या रडण्याच्या जवळचा असतो. तो ऐकून आपण उठतो, मुकाट्याने ओट्याकडे जातो आणि आपल्याला वाटतं, आपणच मांजर पाळलंय!

अशी सोळा वर्षं गेली. सगळं मजेत चाललं होतं. आणि मग २०१८ च्या दिवाळीनंतर सुंदरी रात्री ओरडू लागली.

आता ओरडणं म्हणजे कसं, ते तुम्हाला लिहून कसं सांगू? सगळं घर झोपलेलं. घड्याळात तीन. आणि अचानक पॅसेजमधून एक लांब, पोकळ, घशाच्या तळातून आलेली आरोळी. "आऽऽऊऽऽव!" त्यात ना भूक, ना राग, ना कबुतर. तिची सगळी भाषा मला येत होती, पण हा शब्द मला येत नव्हता. उठून बघावं तर बाईसाहेब भिंतीकडे तोंड करून उभ्या. जवळ घेतलं की गप्प. खाली ठेवून पाठ वळवली, अंथरुणावर पडलं, की पुन्हा पहिल्यापासून सुरू.

एक रात्र, दोन रात्री, पंधरा रात्री. त्यातून माझं दहावीचं वर्ष! दहावीचं वर्ष म्हणजे काय, हे तुमच्यापैकी मोठ्यांना सांगायला नको. घरात टीव्ही बंद, पाहुणे बंद, मोठ्यानं बोलणं बंद. फक्त सुंदरीला कुणी सांगितलं नव्हतं.

उपाय तर सगळ्यांनीच सुचवले. समोरच्या काकू म्हणाल्या, झोपताना पोटभर दूध द्या. दिलं. सुंदरीचं पोट बिघडलं आणि ओरडणं तसंच राहिलं. (बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, हे आम्हाला नंतर कळलं. चित्रातल्या मांजरापुढे बशी असते म्हणून आपलं!) वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, एक रपाटा द्या, गप्प बसेल. कुणी म्हणालं, अर्धी झोपेची गोळी द्या. ती आम्ही दिली नाही, हे आमचं नशीब. त्याबद्दल पुढे सांगते.

खालच्या मजल्यावर तान्हं बाळ होतं. त्याचे बाबा एकदा दारात आले. भांडायला नाही, उलट बिचारे संकोचूनच म्हणाले, "काहीतरी बघा ना." ते गेल्यावर माझे बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सासवडजवळ आमच्या ऑफिसातल्या एकाचं शेत आहे. तिथे उंदीर असतात, मोकळं रान आहे. परीक्षा झाली की तिला तिकडे सोडू."

आई म्हणाली, "या वयात?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू सांग. तुझ्याच अभ्यासाचं आहे."

आणि दोस्तांनो, मी काय म्हटलं असेन? जिच्या शेजारी मी रांगायला शिकले, तापात जी माझ्या पायाशी बसून राहायची, तिच्याबद्दल मी म्हटलं, "सोडा. मला झोप हवीय."

आजी कोपऱ्यात वाती वळत बसली होती. ती काहीच बोलली नाही. मला वाटलं, तिलाही पटलं असणार.

तुम्हाला आजीबद्दल सांगायला हवं. सगळ्या घरात सुंदरीच्या ओरडण्याबद्दल एकदाही तक्रार केली नाही ती फक्त आजीने. पॅसेजला लागून तिचीच खोली, पण सकाळी उठून म्हणायची, "मला मस्त झोप लागली बघ." आम्ही म्हणायचो, काय आजीची सहनशक्ती! आजी स्वतःही मोठ्यानंच बोलायची. फोनवर तर असं बोलायची की फोनची गरजच नव्हती. एकदा माझ्या मैत्रिणी आल्या असताना ती आतून ओरडून विचारत होती, "पोहे टाकू का गं?" मी आत जाऊन दातओठ खात म्हटलं होतं, "आजी, हळू बोल ना! लाज वाटते." तेव्हापासून मैत्रिणी आल्या की आजी बोलेनाशीच झाली होती. मला तेव्हा ते बरंच वाटलं होतं. आता लिहिताना हात अडखळतो.

बरं, आता त्या रात्रीकडे येते. मार्च २०१९. दुसऱ्या दिवशी बीजगणिताचा पेपर. रात्री अकराला दिवा मालवला. दीडला सुंदरी सुरू झाली. आई उठली, गप्प करून गेली. अडीचला पुन्हा. बाबा उठले. तीनला पुन्हा. या वेळी मी उठले. डोळ्यांत पाणी, डोक्यात वर्गसमीकरणं आणि कानात ती आरोळी. मी तिला उचललं, दार उघडलं, वरच्या मजल्यावरून गच्चीकडे जाणाऱ्या जिन्यात नेऊन ठेवलं आणि खाली येऊन दार लावून घेतलं. बोर्डाचा पेपर होता ना! पाचेक मिनिटं जिन्यातून आवाज येत राहिला. मग थांबला. मी झोपले. इतकी छान झोप मला कित्येक आठवड्यांत लागली नव्हती.

सकाळी साडेसहाला दार उघडलं. जिन्यात कुणी नव्हतं.

गच्चीचं दार उघडं होतं. टाकीचं पाणी बघायला कुणीतरी वर गेलं असावं. मी खाली पळाले, मीटरच्या खोलीत पाहिलं, गाड्यांखाली वाकून पाहिलं. "सुंदरी! सुंदरी!" हाका मारून घसा सुकला. एरवी डब्याचं झाकण वाजलं तरी धावत येणारी सुंदरी कुठेच नव्हती. अकराला पेपर. आई म्हणाली, "तू आवर, आम्ही शोधतो." पण मला घास गिळवेना. वर पाहते तर गुडघे धरून धरून आजी जिना चढत होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. सुंदरीची रिकामी बशी बघून तिची ती निघाली होती.

मी तिच्या पुढे धावत गच्चीवर गेले. आणि पाण्याच्या टाकीमागे, कोवळ्या उन्हात, आमच्याकडे पाठ करून सुंदरी बसली होती. मी ओरडले, "सुंदरी!" ती हलली नाही. कानही वळला नाही. मला वाटलं, रागावलीय. जवळ जाऊन पुन्हा हाक मारली. टाळी वाजवली. काही नाही. पोटात खड्डा पडला हो! मग मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तशी ती हातभर उडाली, वळली, मला पाहिलं आणि अशी काही ओरडली, अशी काही ओरडली, की शेजारच्या गच्चीवरचे कावळे उडाले.

त्या दिवशी तिच्या ओरडण्याचा मला पहिल्यांदा राग आला नाही.

पेपर बरा गेला. पण सगळा वेळ डोक्यात एकच: टाळीला तिचा कान का वळला नाही? संध्याकाळी आम्ही एक प्रयोग केला. सुंदरी बैठकीत सतरंजीवर बसली होती, दाराकडे पाठ करून. पलीकडे आजी तांदूळ निवडत होती, तीही पाठमोरी. मी स्वयंपाकघरातून स्टीलची थाळी आणि पळी आणली, हळूच मागे जाऊन उभी राहिले आणि वाजवली. ठणऽऽण!

सुंदरी हलली नाही.

आणि आजीही हलली नाही.

आई, बाबा आणि मी एकमेकांकडे पाहतच राहिलो. मी पुन्हा वाजवली. सुंदरी आपला पंजा चाटत होती. आजी एक खडा उचलून बाजूला ठेवत होती. दोघींपैकी कुणालाच पत्ता नव्हता, की मागे तीन माणसं उभी आहेत आणि त्यांतली एक रडतेय.

दुसऱ्या दिवशी बाबा सुंदरीला जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. पेपरला एक दिवस सुट्टी होती, म्हणून मीही गेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "खाणं कसं आहे?" बाबा कौतुकाने म्हणाले, "म्हातारपणी भूक वाढलीय! सारखं मागते. पाणीही भरपूर पिते." डॉक्टर म्हणाले, "आणि वजन?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. तिथल्या काट्यावर ती भरली दोन किलो आठशे ग्रॅम. पूर्वी चार किलो होती. जवळजवळ सव्वा किलो कमी, आणि रोज उचलून घेणाऱ्या आम्हाला ते कळलंच नव्हतं!

मांजराचं वजन घरी कसं करतात माहितीये? तिला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने उभं राहायचं आणि वजाबाकी करायची. बीजगणितच की! इतकं सोपं समीकरण मी वर्षभरात एकदाही सोडवलं नव्हतं.

डॉक्टरांनी तिचा गळा चाचपला, एवढासा पट्टा पायाला गुंडाळून रक्तदाब पाहिला, रक्त तपासायला पाठवलं. निकाल आला: थायरॉइड. मांजराच्या गळ्यात थायरॉइड नावाची लहानशी ग्रंथी असते, आपल्यालाही असते. शरीराचं इंजिन किती वेगानं चालवायचं ते ती ठरवते. म्हाताऱ्या मांजरांमध्ये कधी कधी ही ग्रंथी वाढते आणि इंजिन नको इतक्या वेगाने पळू लागतं. हृदय धडधडतं, भूक लागते पण अंगी लागत नाही, तहान लागते, चैन पडत नाही, झोप येत नाही. मग ते मांजर रात्री काय करणार? ओरडणार! १९७९ सालापर्यंत मांजरांचा हा आजार वैद्यकाच्या पुस्तकात नोंदलेलाही नव्हता. आज तो म्हाताऱ्या मांजरांच्या नेहमीच्या आजारांपैकी एक समजला जातो.

"आणि कान?" मी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "वय झालंय तिचं. साडेसोळा म्हणजे माणसाचे ऐंशीच्या पुढे." म्हणजे जिन्याखाली सापडली तेव्हा एवढीशी असलेली सुंदरी आता आमच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजीलाही मागे टाकून गेली होती!

मांजराचे कान म्हणजे एरवी काय चीज असते! माणसाला सेकंदाला साधारण वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. मांजराला ऐंशी हजारांच्याही पुढचा. उंदराची जी चिवचिव आपल्यासाठी नसतेच, ती मांजराला स्पष्ट ऐकू येते. असे कान ज्याचे गेले, त्याचं जग केवढं ओसाड होत असेल? दिवसा निदान माणसं दिसतात. रात्री दिवे मालवले, कुणी हलत नाही, आणि कानात काही नाही. घर आहे की नाही, घरात कुणी आहे की नाही, काही कळत नाही. म्हणून ती हाक मारायची. आणि आपला आवाज केवढा मोठा आहे, हे तिला स्वतःला तरी कुठे ऐकू येत होतं?

तो न येणारा शब्द मला आता कळला. 'आहात का?' एवढाच होता तो.

निघताना डॉक्टरांनी बाबांना एक गोष्ट बजावून सांगितली, ती तुम्हीही लक्षात ठेवा. माणसांची औषधं मांजराला आपल्या मनानं कधीही द्यायची नाहीत. आपण तापाला घेतो ती साधी पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. आणि म्हातारं मांजर अचानक जास्त ओरडू लागलं, तर 'वय झालं' म्हणून सोडून न देता आधी तपासून घ्यायचं. थायरॉइड असेल, रक्तदाब असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल, सांधे दुखत असतील. ते हाक मारतं, कारण नेमकं काय होतंय ते सांगायला त्याच्याकडे दुसरा शब्द नसतो.

घरी आल्यावर मी आजीसमोर बसले. तिला दिसेल असं तोंड करून, सावकाश सगळं सांगितलं. आजीने सुंदरीला मांडीवर घेतलं. म्हणाली, "मला वाटलंच होतं. मीबी तशीच की."

"म्हणजे?"

"अगं, ऐकू येत नाही ना, तेव्हा आपण बोललेलं पोचलं का नाही तेच कळत नाही. म्हणून माणूस मोठ्यानं बोलतंय. मग लोक म्हणतात, ओरडायलीय. मग माणूस बोलायचंच सोडतंय." थोडं थांबून म्हणाली, "हिला बोलायचं सोडता आलं नाही. हिचं बरं आहे."

मी काय बोलणार? आजीने ते माझ्याबद्दल म्हटलं होतं की नाही, मला माहीत नाही. तिने माझ्याकडे पाहिलं नव्हतं. मी मात्र उठून तिच्या कानाशी गेले आणि म्हटलं, "आजी, मैत्रिणी आल्या की तू पोहे विचारत जा. कितीही मोठ्यानं." तिला ते ऐकू आलं. पण ती म्हणाली, "काय? परत सांग." मी परत सांगितलं. तिने परत "काय?" केलं. तिसऱ्यांदा सांगताना तिचे डोळे हसताना दिसले. लबाड आजी!

सासवडच्या शेताचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. बाबा खाली जाऊन त्या बाळाच्या आईबाबांना सगळं सांगून आले. बाळाची आई म्हणाली, "आजारी आहे होय? मग ठीक आहे. आमचंही ओरडतंच की." कारण कळलं की तोच आवाज निम्मा होतो, हे मला त्या दिवशी समजलं.

मग आमच्या घराची नवी दिनचर्या ठरली. सकाळ-संध्याकाळ थायरॉइडची गोळी. ती सुंदरी सरळ घेईल तर शपथ! माशाच्या तुकड्यात दडवली की मासा खाऊन गोळी तेवढी जमिनीवर, चाटूनपुसून स्वच्छ. शेवटी आईने उकडलेल्या चिकनच्या लगद्यात ती जमवली. पॅसेजमध्ये रात्रभर एक लहान दिवा. झोपण्याआधी दहा मिनिटं दोरी ओढत खेळायचं, मग जेवण. तिच्या मागून कधी जायचं नाही. जायचंच झालं तर जमिनीवर पाय जरा आपटून, कारण कानांना नाही तरी पंजांना थरथर कळते. आणि तिचं अंथरूण पॅसेजमधून उचलून माझ्या पायाशी. रात्री जाग आली की तिने नुसतं पाय लांब करायचा. मी आहे, एवढं कळलं की पुरे.

ती एकदम गप्प झाली का? छे! औषधाने अंग भरलं, पाणी पिणं कमी झालं, महिन्याभरात वजन तीन किलो तीनशे झालं. ओरडणं रोजचं होतं ते आठवड्यातून एखाद-दोनदा झालं. गेलेले कान मात्र परत आले नाहीत. तिचं "म्र्रुं?" सुद्धा आता "म्रूंऽऽऽ?" असं जिनाभर घुमायचं.

आणि आजी? तिलाही आम्ही कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून, कानांना यंत्र लावून तपासणी झाली. पुढे तिला कानातलं मशीन मिळालं. सुरुवातीला तिला ते मुळीच आवडलं नाही. म्हणायची, भांडी फार वाजतात. नळ फार वाजतो. मग तिसऱ्या दिवशी दुपारी ती एकदम थांबली आणि म्हणाली, "ही घुरघुरते होय गं?" सुंदरी तिच्या मांडीवर होती. सोळा वर्षं मांडीवर बसणाऱ्या मांजराचं घुरघुरणं आजीला मधली कितीतरी वर्षं ऐकूच आलं नव्हतं.

रात्री मात्र आजी मशीन काढून डबीत ठेवायची आणि म्हणायची, "आता गा म्हणावं खुशाल!"

सुंदरी त्यानंतर दीड वर्ष राहिली. २०२० मध्ये टाळेबंदीत आम्ही सगळे दिवसभर घरात, म्हणजे तिच्यासाठी तर चोवीस तास माणसं! त्या पावसाळ्यात, अठरा वर्षांची होऊन, एका दुपारी ती आजीच्या पायाशी झोपेतच गेली. जाताना मात्र काही बोलली नाही. मला राहून राहून वाटतं, बोलायची गरजच वाटली नसेल. सगळे आहेत, हे तिला दिसत होतं.

अजूनही कधी कधी रात्री तीनला मला जाग येते. घर शांत असतं. मी पाय थोडा लांब करते आणि मग आठवतं. अशा वेळी आजीच्या खोलीत दिवा दिसला तर मी उठून जाते. ती जागीच असते. मशीन डबीत असतं, म्हणून मी जमिनीवर पाय जरासा आपटते. आजी न वळताच म्हणते, "ये. मला कळलं."

आता तुम्ही सांगा पाहू, तुमच्या घरात मोठ्यानं कोण बोलतं? आजोबा? शेजारच्या काकू? गॅलरीत येणारं एखादं म्हातारं मांजर? पुढच्या वेळी त्यांना "हळू बोला" म्हणण्याआधी एक करा. त्यांच्या समोर या, त्यांना दिसाल असे उभे राहा, आणि आपण इथेच आहोत, एवढं कळू द्या. बघा, आवाज आपोआप खाली येतो की नाही!

आणि नाहीच आला खाली, तर ऐका झालं. आमच्या सुंदरीचा शब्द कळायला मला चार महिने लागले होते. तुम्ही माझ्यापेक्षा हुशार आहात.